झिपरूच्या घरची मुकादमकी

शेखरशेठ स्वतः पाड्यावर येतोय म्हटल्यावर धनराजने शाळेतली खुर्ची मागून आणली आणि अंगणात मांडली. तिच्या बैठकीवर आईचं धुतलेलं लुगडं चौघडी करून घातलं. स्वतः नवा पांढरा शर्ट घातला. बायकोला, सुवर्णाला, सकाळीच सांगून ठेवलं होतं, "या साली डबल काम मिळतंय बघ. शेठ उगीच इतका डोंगर चढून येत नाय."

खरंही होतं. मोहाडी-दिंडोरीकडचे बागायतदार एरवी सुरगाण्याच्या डोंगरात येत नसत. फोन यायचा, एकरी भाव ठरायचा, जीप भरून टोळी खाली उतरायची. धनराजचा बाप झिपरू जिवंत होता तेव्हा तर फोनही नव्हता. भादवा सरला की तो एकटाच खाली जायचा, बागा फिरायचा आणि काम ठरवूनच परत यायचा. या पाड्यावरून द्राक्षाच्या छाटणीला पहिली टोळी नेली ती त्यानंच. तो गेला आणि मुकादमकी धनराजकडे आली. घरची जमीन येते तशी आली, कुणी कुणाला विचारलं नाही.

टोळीतली सगळी माणसं अंगणात जमली होती. बाया भिंतीकडे, गडी जांभळीखाली. शेखरशेठनं गाडी ओहोळापाशी सोडली आणि चढण चढून आला. खुर्चीत बसला, पाणी प्याला, चहा प्याला. मग सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "ज्योत्स्नाताई दिसत नाहीत?"

"कात्र्यांना धार लावायला सुरगाण्याला गेलीय," धनराज म्हणाला. "येईलच. तुम्ही बोला ना शेठ. मी हाय की."

"येऊ दे त्यांना. मग बोलू."

'त्यांना' हा शब्द धनराजच्या कानात अडकला. इतकी वर्षं शेठ त्याला 'धनराज, ए धनराज' म्हणत होता. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

धनराजची बहीण ज्योत्स्ना आली तेव्हा तिच्या खांद्यावर कात्र्यांची जड पिशवी होती. भिंतीकडच्या बाया सरकल्या आणि त्यांनी तिला जागा केली. शेखरशेठ खुर्चीतून उठला. "या ताई," म्हणाला. ती बसल्यावरच परत बसला.

"आडवळणानं बोलत नाही," शेठ म्हणाला. "धनराज, तुझ्यासमोरच बोलतो. मागच्या साली माझ्या खालच्या प्लॉटची छाटणी घाईत झाली. काडीवरच्या गाठीच्या खाली कात्री चालली. घड येणारा डोळाच कापला गेला. वेली नुसत्या पाल्यानं भरल्या. तू त्या वेळी दुसऱ्या बागेत उक्तं काम धरलं होतंस आणि माझ्याकडे फिरकला नाहीस. वरचा प्लॉट ताईंनी करून घेतला, तो भरला. तीच माणसं, तीच बाग. म्हणून म्हणतो, टोळी हीच राहू दे. फक्त मुकादम ताई. माझ्या साडूची बागही मग यांच्याच हाताखाली देतो."

जांभळीखाली कुणीतरी खोकललं. टोळीतली सगळ्यात म्हातारी धोंडाबाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हाताला गुण हाय तिच्या."

"दादा मुकादम हाय, शेठ," ज्योत्स्ना म्हणाली. "त्याच्याशी बोला."

"त्याच्याशी बोलून मी एक साल घालवलं. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरी टोळी बघावी लागेल. पेठकडची माणसं तयार आहेत."

आता सगळ्यांच्या नजरा धनराजवर आल्या. सगळ्यांचं सालभराचं पोट त्यावर होतं. धनराज मात्र बहिणीकडे बघत होता. तिला आश्चर्य वाटलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"शेठचा फोन आला होता. मी सांगितलं, घरी या, दादाच्या समोर बोला. पाठीमागं मी काय घेणार नाय."

तिनं लपवाछपवी केली असती तर त्याला ओरडता आलं असतं. ती नीट वागली होती, आणि तेच त्याला सोसेना. कात्री कशी धरायची हे तिला त्यानं शिकवलं होतं. पंच तिला वाळीत टाकायला निघाले तेव्हा टोळीत तिला त्यानं ठेवलं होतं. ज्याला आपण हात देऊन वर ओढावं, त्यानंच आपल्या वर जाऊन उभं राहावं?

"घे ना," तो उभा राहिला. "घे मुकादमकी. बाबाची टोळी हाय, तू पण बाबाचीच. पण शेठला एक सांग. महिना महिना तू बागेत राहतेस, ती कुणाच्या जिवावर? तुझी पोर कुणाच्या चुलीवर जेवते? बापाचं नाव नसलेली पोर माझ्या घरात वाढते म्हणून तू मोकळी फिरतेस. आधी तुझी पोर उचल. बरोबर ने. मग हो मुकादम!"

शेखरशेठनं मान खाली घातली. बाया एकमेकींकडे बघेनात.

ज्योत्स्नेनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "नेते."

"काय?"

"परवा जीप निघंल, तेव्हा हर्षालीला घेऊनच निघते. शेठ, काम घेतलं मी."

चहाची दुसरी फेरी घेऊन दारात आलेली सुवर्णा तशीच आत वळली. तो चहा कुणालाच मिळाला नाही.

*

शेठ गेला, माणसं पांगली. सुवर्णानं नवऱ्याला घरामागच्या परसात गाठलं.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं?" धनराज लाकडं फोडत होता. फोडायची गरज नसलेली लाकडं. "नाय नेत ती. बागेत पोर घेऊन मुकादमकी होते व्हय? दोन दिवसांत वळंल."

"आणि नाय वळली तर?"

त्यानं पुढचं लाकूड ओढलं.

"तुझं मन दुखलं म्हणून तू माझं पोर देऊन टाकलंस."

"तुझं पोर?" धनराज म्हणाला. म्हटल्याबरोबर आपण काय बोललो ते त्यालाच कळलं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. पण सुवर्णा तोवर निघून गेली होती.

या घरात ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. ज्योत्स्ना निफाडकडच्या बागेतून परत आली ती पोटुशी. बागेवरच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं लग्नाचं बोलून ठेवलं होतं आणि त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न जातीत उरकून टाकलं होतं. पाड्यावर नांदायला आधी जातात, लग्न मागाहून सवडीनं होतं, त्याचं कुणाला काही नसतं. पण ज्योत्स्ना नांदायला कुठं गेलीच नाही. पंचांनी एक बिजवर शोधला. ती म्हणाली, "नको. माझं पोर मी वाढवीन." "कशावर?" असं पंचांनी विचारलं. "कात्रीवर," ती म्हणाली. सगळे हसले होते. सुवर्णाही पदराआड हसली होती.

मग हर्षाली झाली. दात यायच्या आतच ज्योत्स्ना छाटणीला गेली आणि पोर सुवर्णाच्या कुशीत आली. सुवर्णानं स्वतःच्या मुलासाठी वणीच्या गडावर नवस बोलले, नाशिकच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. काही झालं नाही. जिनं मागितलं नव्हतं तिला मिळालं होतं, आणि जिनं पायऱ्या चढून चढून मागितलं तिला नाही. पण हे आतलं दुखणं हर्षालीनं हळूहळू झाकून टाकलं होतं. पोर तिला 'माई' म्हणायची. पडली, लागलं, स्वप्नात घाबरली की 'माई'. ज्योत्स्नेला ती 'आई' म्हणायची, पण ते नाव फोनवरचं होतं, आणि दिवाळीतल्या नव्या फ्रॉकचं.

दुसरीही एक गोष्ट होती, ती सुवर्णानं कुणाला सांगितली नव्हती. ज्योत्स्ना खालून आली की तिच्या पायात बूट असायचे. बागेत किती मोठं शेततळं बांधलंय, शेठची बायको कपात चहा कसा देते, मुंबईहून गाडी घेऊन लोक द्राक्षं बघायला कसे येतात, असं काय काय ती सांगायची. सुवर्णा भाकरी थापत ऐकायची. हरसूलचं माहेर आणि सुरगाण्याचा बाजार, यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. ऐकून झालं की ती म्हणायची, "बरं हाय बाई तुझं." आणि मग उगीचच भाकरी करपायची.

रात्रभर तिनं विचार केला असं नाही. सकाळी भांडी घासताना एकदम ठरलं. दुपारच्या सुट्टीत ती शाळेत गेली, बाईंना म्हणाली, "आजीला बरं नाय, पोरीला नेते." पिशवीत हर्षालीचे दोन फ्रॉक होते.

"कुठं चाललोय माई?"

"माझ्या आईकडं."

"आई उद्या जाणार हाय ना? मी तिच्याबरोबर जाणार हाय. शेतातल्या शाळेत."

"शेतात शाळा नसते," सुवर्णा म्हणाली आणि तिचा हात घट्ट धरून फाट्याकडे चालू लागली.

*

ज्योत्स्ना ओसरीवर बसून टोळीचं सामान बांधत होती. ताडपत्री, भांडी, मिठा-मिरचीच्या पिशव्या. आई कुसाबाई जवळ येऊन उभी राहिली.

"सुवर्णा शाळेकडं गेली," ती म्हणाली. "पिशवी घेऊन गेली. बाजाराचा वार नाय आज."

ज्योत्स्नेच्या हातातली दोरी सुटली. ती तशीच निघाली. उतारावरून जवळजवळ धावतच.

धावताना तिला काल म्हटलेला आपला शब्द आठवत होता. नेते. तो ती शेठसमोर म्हणाली होती, दादाला म्हणाली होती. पण म्हणताना तिची नजर दाराकडे होती. चहाचं ताट धरून उभ्या असलेल्या वहिनीकडे. वहिनीचा चेहरा उतरलेला तिला दिसला होता आणि आत कुठंतरी बरं वाटलं होतं. हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं.

मागच्या शिमग्याला हर्षाली दगडावर आपटली. ज्योत्स्ना दोन पावलांवर होती. तिनं हात पुढे केले. पोर तिच्या हाताखालून वाकून निघाली आणि चुलीपाशी बसलेल्या सुवर्णाच्या मांडीत जाऊन रडली. तेव्हापासून ज्योत्स्ना बागेत वेली मोजत असली तरी मनात तेच चालू असायचं. छाटणी, विरळणी, सगळी टोळी हाताखाली नीट चालवायची, शेठ लोकांशी डोळ्याला डोळा देऊन बोलायचं, गड्यांनी मागून काही म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. हे सगळं जिच्यासाठी, ती रडायला दुसरीकडे जाते.

फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी बसल्या होत्या. हर्षाली बिस्किटं खात होती. हरसूलची जीप उभी होती, पण भरली नव्हती. ड्रायव्हर टायरला टेकून मोबाइल बघत होता.

"आई!" हर्षाली ओरडली. पण उठली नाही. सुवर्णाचा हात तिच्या मनगटावर होता.

"कुठं चालली वहिनी?"

"माहेरी."

"पोरीला घेऊन? मला न सांगता?"

"तू मला सांगून म्हणालीस, नेते म्हणून?"

ज्योत्स्ना शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला धाप लागली होती. "बागेच्या जवळ शाळा हाय. शेठच्या बायकोनं तिथं बोलून ठेवलंय. सकाळी सोडायची, दुपारी आणायची."

"म्हणजे ते पण ठरवून ठेवलंय." सुवर्णा हसली, पण तोंड कडू करून. "आणि दुपारनंतर? तू ओळीतून ओळीत पळणार. पोर कुणाजवळ? ताडपत्रीखाली एकटी? औषध मारतात तिथं. विहिरी हायत."

"बाकीच्यांची पोरं राहतात की."

"बाकीच्यांची राहतात. ही नाय राहिली कधी." सुवर्णानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "खरं सांग जोस्ना. तुला तिला बरोबर न्यायचीय, का माझ्याकडनं काढून घ्यायचीय?"

ज्योत्स्नेला खोटं बोलता आलं असतं. जीपचा ड्रायव्हर ऐकत नव्हता, पोर बिस्किटाच्या पुड्यात गुंग होती.

"दोन्ही," ती म्हणाली.

सुवर्णाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती काही बोलायच्या आत ज्योत्स्नाच पुढे बोलली, "झोपेत ती तुझं नाव घेते वहिनी. मी बाजूला झोपलेली असते आणि ती तुझं नाव घेते. मला तुझा लय हेवा वाटतो. इतका की कधी कधी घरी यावंसं वाटत नाय."

"माझा?" सुवर्णा म्हणाली. "माझा हेवा? माझ्याकडं काय हाय गं? चूल हाय. तू नांदायला गेली नाय, पंचांचं ऐकलं नाय. तरी पोर तुला, पायात बूट तुला, फोन तुला. काल शेठ तुझ्यासाठी खुर्चीतून उठला. माझ्यासाठी आजवर कुणी उठलं नाय. माझा नवरा पण नाय."

हर्षालीनं दोघींकडे पाहिलं. "भांडता का तुम्ही?"

"नाय," दोघी म्हणाल्या.

जीपमध्ये आणखी चार माणसं येऊन बसली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "हरसूल! बसायचं का बाई?"

सुवर्णा उठली नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"मला टोळीत घे," ती म्हणाली.

"काय?"

"मला ने. पोरीला एकटी नेऊ नको, मला पण ने. दुपारी ती शाळेतनं आली की मी हाय. सकाळी मी ओळ धरीन."

"तुला कात्री धरता येते का वहिनी?"

"तुला कुठं येत होती? शिकीव."

"आणि घर? भात कापायला आलंय."

"माझा नवरा हाय ना. मी दरसाल कापते, या साली तो कापील. त्याच्याकडं आता मुकादमकी नाय, येळ हाय."

ज्योत्स्नेला नको होतं हे. वहिनी बागेत आली म्हणजे पोर कधीच पुरती आपली होणार नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या दिसलं. त्याच ताडपत्रीखाली, त्याच चुलीपाशी, रोज. इतकी वर्षं हेवा दूर डोंगरावर होता. आता तो शेजारी अंथरूण टाकून झोपणार होता. पण नाही म्हणावं तर दुपारी पोरीजवळ कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि वहिनीनं पोरीला जीपमध्ये घातलं नव्हतं. हॉर्न वाजला तरी घातलं नव्हतं.

"बागेत मी सांगीन तसं करावं लागंल," ती म्हणाली. "चार माणसांत ओरडीन मी. मग घरी येऊन रुसायचं नाय."

"कामाचं तू सांग. पोरीचं मी सांगीन."

"नाय. पोरीचं निम्मं निम्मं."

"काय निम्मं?" हर्षालीनं विचारलं.

"काय नाय," सुवर्णा म्हणाली. "बिस्किट. आईला दे एक."

*

संध्याकाळी जेवताना सुवर्णानं सांगितलं. मागं-पुढं काही न लावता. धनराजचा घास हातातच राहिला.

"तू? छाटणीला?"

"तूच म्हणालास ना, पोर बरोबर ने. ती नेते. पोर जिथं, तिथं मी."

"मी नाय म्हणालो तुला जायला! आई, बघ ही काय बोलते."

कुसाबाई हात धुवून आली. ती कमी बोलायची. घरात तिचा शब्द शेवटचा असायचा, म्हणून तो ती जपून वापरायची.

"तुझ्या बाबानं मुकादमकी तुला दिली नव्हती," ती म्हणाली. "तू घेतलीस. तेव्हा मी बोलले नाय. आता ती तुझ्याकडनं गेली, आता पण मी बोलत नाय. भात पिवळं पडलंय. विळ्याला धार लाव."

"लोक हसतील, आई. बहीण मुकादम, बायको तिच्या हाताखाली आणि मी घरी."

"जोस्नाला पण हसले होते," कुसाबाई म्हणाली. "तिला काय झालं?"

सकाळी जीप फाट्यावरून सुटली तेव्हा धनराज गेला नाही. शेताच्या बांधावरून त्यानं ती खालच्या वळणावर उतरताना पाहिली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी बहीण होती. मागच्या बाकावर सुवर्णा, आणि तिच्या मांडीत डोकं ठेवून झोपलेली पोर. जीपमधून कुणीही वर बघितलं नाही.

*

भात झोडून झालं, पोती घरात आली, तेव्हा कार्तिक लागला होता. धनराजनं नव्या तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकलं आणि तो मोहाडीला उतरला. आईनं पाठवलंय, असं सांगायचं त्यानं वाटेत ठरवलं. आईनं काही पाठवलं नव्हतं.

शेखरशेठच्या साडूच्या बागेत छाटणी चालू होती. धनराज पोतं खांद्यावर घेऊन ओळीच्या तोंडाशी आला आणि थांबला. त्याला आधी सुवर्णा ओळखूच आली नाही. साडीवरून गड्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, बोटं काडीला लावायच्या पेस्टनं लालभडक. ती वाकली होती, आणि तिच्या मागे ज्योत्स्ना उभी होती.

"वहिनी, कितीदा सांगू? ही काडी सोड. बारीक हाय, तिला घड पेलणार नाय."

"सोडली गं बाई. ओरडू नको."

"ओरडीन. चार दिवसांत तिसऱ्यांदा झालं."

धनराजला वाटलं, आता सुवर्णा तोंड फिरवील. घरी तो एवढं बोलला असता तर दोन दिवस चूल पेटली नसती. पण सुवर्णा हसली. पलीकडच्या ओळीतल्या धोंडाबाईला काहीतरी म्हणाली आणि दोघी मिळून हसल्या. हे हसू त्यानं आपल्या घरात किती सालांत ऐकलं नव्हतं, ते त्याला आठवेना. ज्या टोळीत त्यानं इतकी सालं काढली, तिथं ते ऐकायला मिळालं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

"मामा!" हर्षाली शाळेच्या कपड्यांत धावत आली. क्रेटवर बसून ती काहीतरी लिहीत होती. "मामा आलाय! माई! आई!"

दोघींनी एकदमच वर बघितलं. पोरीनं आधी कुणाचं नाव घेतलं, हे दोघींच्याही ध्यानात आलेलं त्याला दिसलं. ज्योत्स्नेनं ओठ आवळले. सुवर्णानं मान काडीकडे वळवली, पण गालावरचं हसू तिला लपवता आलं नाही.

"आईनं तांदूळ पाठवलाय," धनराज पोतं खाली ठेवत म्हणाला.

"भात कसं झालं दादा?"

"झालं."

"एकट्यानं कापलंस?"

"मग काय शेजारणी आणू?"

इतक्यात बागेच्या पलीकडच्या टोकाहून हाक आली, "मुकादम! ओ मुकादम! हिकडं या, तार तुटलीय!"

"आलो!" धनराज म्हणाला आणि वळला.

तो दोन पावलं गेलाही. मग ओळीतल्या कात्र्या थांबल्या. धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यानं कुणालातरी शिवी हासडून सुटका करून घेतली असती.

"जा दादा," ज्योत्स्ना हळूच म्हणाली. "तुला कळतं तारेचं. बघून ये."

तिनं मनापासून म्हटलं होतं. भावाची लाज झाकायला म्हटलं होतं. आणि धनराजला तेच सोसलं नाही, जसं तेव्हा अंगणात सोसलं नव्हतं. फक्त या वेळी ओरडायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. पोर त्याच्या हाताला धरून उभी होती.

"मला नाय मारली हाक," तो म्हणाला. "तुला मारली. जा तू."

ज्योत्स्नेनं त्याच्याकडे बघितलं. मग कात्री कमरेला खोचली आणि दोन ओळींच्या मधून निघाली. झपझप, थोडी पुढे झुकून, मागे न बघता. झिपरू असाच चालायचा. धनराजनं लहानपणी बापामागून अशा ओळींतून धावताना ती चाल पाहिली होती. ती आपल्यात उतरलीय असं त्याला इतकी सालं वाटत होतं.

ती दिसेनाशी झाली. कात्र्या परत चालू झाल्या.

"पाणी देऊ?" सुवर्णानं विचारलं.

"नको." तो थोडा वेळ तिच्या लाल बोटांकडे बघत उभा राहिला. "शेवटची गाडी निघून गेली असंल. आज हितंच राहू का?"

सुवर्णानं काडी धरली, नीट बघितली, कापली.

"मुकादमला विचार," ती म्हणाली.

धनराज पोत्यावर बसला. हर्षाली त्याच्या शेजारी बसून आपला धडा मोठ्यानं वाचू लागली, आणि ज्योत्स्ना परत येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.